वनस्पती तेलापासून पॉलिऑल: इपॉक्सीकरणापासून ओतीव चाचणीपर्यंत

वनस्पती तेलापासून पॉलिमरचा घटक तयार करणाऱ्या बहुतेकांची पहिली खेप एकाच कारणाने फसते. तेलातील दुहेरी बंध किती उरले हे ते काटेकोरपणे मोजतात, पण गेलेल्या बंधांचे काय झाले हे मोजत नाहीत. आयोडीन मूल्य (दुहेरी बंधांचे प्रमाण सांगणारा आकडा) १३० वरून ३ वर आले की काम झाले असे समजून पुढची पायरी सुरू होते, आणि शेवटी पॉलियुरेथेन चिकट राहते किंवा फुगते. दुहेरी बंध संपला याचा अर्थ तेथे इपॉक्सी वलय (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे छोटे वलय) तयार होऊन टिकले, असा होत नाही. ते वलय तयार झाल्यावर त्याच भांड्यात उघडूनही जाऊ शकते. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

हा लेख सोयाबीन तेल धरून लिहिला आहे. आधी तेलाचे इपॉक्सीकरण करायचे, म्हणजे दुहेरी बंधांचे इपॉक्सी वलयांत रूपांतर करायचे, मग मिथेनॉलने वलय उघडून पॉलिऑल (अनेक हायड्रॉक्सिल गट असलेला, पॉलियुरेथेनसाठी लागणारा घटक) मिळवायचे, असा क्रम आहे. येथील प्रमाणे १०० ग्रॅम तेलाच्या चाचणीसाठी आहेत. हे काम फ्यूम हूड, संरक्षक काच, चष्मा आणि योग्य हातमोजे असलेल्या प्रयोगशाळेत, सोबत दुसरी व्यक्ती असतानाच करावे. घरातील ओटा किंवा बंद शेड ही त्याची जागा नव्हे.

## १. तेलाची निवड आणि तपासणी

दुहेरी बंध हीच आपली पकडण्याची जागा असल्याने ज्या तेलात ते कमी, ते तेल या कामाचे नाही. खोबरेल तेलाचे आयोडीन मूल्य जेमतेम ६ ते ११ असते, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नये. पाम तेल ५० ते ५५ च्या आसपास येते. त्यापासून मऊ पदार्थ मिळतात, ताठ मिळत नाहीत. सोयाबीन आणि सूर्यफूल साधारण १२० ते १४० मध्ये बसतात. जवस १७० च्या वर जाते आणि दाट जाळीचे पॉलिमर देते, पण त्याची अभिक्रिया अधिक उष्णता सोडते, म्हणून ते पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नये. एरंडेलाची गोष्टच वेगळी आहे. त्यातील रिसिनोलेइक आम्लामुळे त्याचे हायड्रॉक्सिल मूल्य (हायड्रॉक्सिल गटांचे प्रमाण सांगणारा आकडा) मुळातच १६० च्या आसपास असते, म्हणजे ते आयते पॉलिऑल आहे. एरंडेलाचे इपॉक्सीकरण करून मग ते वलय पुन्हा उघडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना कोणी तरी आधीच थांबवायला हवे होते.

तेल शुद्ध केलेले, गोंद काढलेले आणि आम्ल मूल्य ०.५ च्या खाली असलेले घ्यावे. मुक्त स्निग्धाम्ले जास्त असतील तर ती धुलाईच्या वेळी साबण बनून थर वेगळे होऊ देत नाहीत. आयोडीन मूल्य पुस्तकातून न घेता हातातील डब्याचे मोजावे. विज (Wijs) पद्धतीचे अनुमापन दोनदा करून सरासरी घ्यावी, कारण पुढची सर्व वजने या आकड्यावर उभी राहणार आहेत.

तपासणी: तेलाचा नमुना उजेडात धरून पाहावा. गढूळपणा किंवा तळाशी गाळ दिसला तर गाळून, कमी दाबाखाली ८० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवून पाणी काढून टाकावे.

## २. हिशेब कागदावर

भांडी काढण्यापूर्वी हा हिशेब पूर्ण झालेला असावा. आयोडीन मूल्य १३० असलेल्या १०० ग्रॅम तेलात १३० ला २५३.८ ने भागून मिळणारे, म्हणजे ०.५१२ मोल दुहेरी बंध असतात. प्रत्येक बंधावर एक ऑक्सिजन बसला तर १०० ग्रॅम तेलात ८.२ ग्रॅम ऑक्सिजनची भर पडेल. म्हणून तयार पदार्थातील ऑक्सिरेन ऑक्सिजनची, म्हणजे इपॉक्सी वलयांतील ऑक्सिजनची, सैद्धांतिक कमाल ८.२ भागिले १०८.२, म्हणजे ७.५७ टक्के होते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. पुढे मिळणारा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

आता वजने अशी ठरतात:

- हायड्रोजन पेरॉक्साइड: एका बंधामागे १.५ मोल, म्हणजे ०.७६८ मोल, म्हणजे २६.१ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड. वजनाने ३० टक्के असलेले द्रावण ८७ ग्रॅम लागते.
- ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल: एका बंधामागे ०.५ मोल, म्हणजे १५.४ ग्रॅम.
- अ‍ॅम्बरलाइट आयआर-१२० हे आम्लधर्मी आयन-विनिमय रेझिन: कोरडे २० ग्रॅम.

येथे हमखास होणारी चूक बाटलीवरच्या आकड्याची असते. ‘३० टक्के’ हे वजनाने आहे की आकारमानाने, हे बारीक अक्षरात लिहिलेले असते. १०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅम असलेले द्रावण वजनाने सुमारे २७ टक्केच भरते, म्हणजे सुरुवातीलाच नऊ टक्के पेरॉक्साइड कमी पडते. त्यात बाटली जुनी असेल तर तूट आणखी वाढते. वापरण्याच्या दिवशी पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन करून खरे प्रमाण काढावे आणि त्यानुसार वजन बदलावे.

इशारा: ३० टक्क्यांचे द्रावण कमकुवत निघाले म्हणून ५० टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावण वापरू नये. तीव्र पेरॉक्साइड आणि सेंद्रिय पदार्थ यांचे मिश्रण स्फोटक होऊ शकते.

उष्णतेचाही हिशेब याच वेळी करावा, कारण तो केल्याशिवाय पुढची सावधगिरी अतिरेकी वाटते. एका मोल दुहेरी बंधाच्या इपॉक्सीकरणात सुमारे २३० किलोज्यूल उष्णता सुटते. आपल्या ०.५१२ मोलांसाठी ती ११८ किलोज्यूल झाली. भांड्यातील साधारण २०० ग्रॅम मिश्रणाची उष्णता सामावण्याची क्षमता दर अंशाला जेमतेम अर्धा किलोज्यूल आहे. म्हणजे सर्व पेरॉक्साइड एकदम ओतले आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर कागदावरचे तापमान २०० अंशांनी चढते. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी पेरॉक्साइडचे विघटन होऊन ऑक्सिजन आणि वाफ भांड्याबाहेर उसळेल. थेंबाथेंबाने घालण्याचा नियम या आकड्यामुळे आहे.

## ३. रेझिन आणि मांडणी

रेझिन एच रूपात, म्हणजे हायड्रोजन आयन असलेल्या आम्ल रूपात, आहे याची खात्री करावी. हेच मणी सोडियम रूपातही मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. सोडियम रूपातले मणी घालून आठ तास ढवळत बसले तरी दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवणारे पेरअ‍ॅसेटिक आम्ल पुरेसे तयार होत नाही. शंका असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून काढून, धुतलेल्या पाण्याचा सामू उदासीन येईपर्यंत आयनविरहित पाण्याने धुवावे आणि वाळवावे.

सल्फ्युरिक आम्ल स्वस्त पडते, मग रेझिन कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. पेरअ‍ॅसेटिक आम्लाचे छोटे रेणू मण्याच्या आत तयार होऊन बाहेर येतात, पण ट्रायग्लिसराइडचा मोठा रेणू मण्यात शिरू शकत नाही. त्यामुळे तयार झालेले वलय आणि तीव्र आम्ल यांची गाठ फारशी पडत नाही. विरघळलेले सल्फ्युरिक आम्ल मात्र सगळीकडे असते आणि वलये उघडत सुटते. फॉर्मिक आम्लाची पद्धत वेगवान आहे आणि उद्योगात चालते, परंतु परफॉर्मिक आम्ल अधिक अस्थिर असल्याने नवख्याने ती हाती घेऊ नये.

मांडणीसाठी ५०० मिलिलिटरचा तीन तोंडी, गोल बुडाचा काचेचा चंबू घ्यावा. मधल्या तोंडातून वरून फिरणारा यांत्रिक स्टरर, एका बाजूला उभा कंडेन्सर, दुसऱ्या बाजूला थेंब सोडणारे फनेल आणि तापमापी यांसाठी दुतोंडी जोड असावा. कंडेन्सरचे वरचे तोंड उघडेच ठेवावे. खाली पाण्याचे बाथ असावे. हीटिंग मँटल वापरू नये, कारण त्यातून उष्णता पटकन काढून घेता येत नाही. बर्फाची बादली हाताशी ठेवावी. चुंबकीय कांडीने ढवळल्यास ती तळाशी मणी भरडते, त्यांची भुकटी गाळणकागदातून निसटते आणि पुढच्या टप्प्यात आम्लाचा अंश सोबत जातो.

लोखंड, तांबे आणि मँगनीज यांचा अंशही पेरॉक्साइडचे विघटन वेगाने घडवतो. गंजलेली क्लॅम्प, पितळी चमचा किंवा परमँगनेटचा डाग राहिलेले फनेल या मांडणीच्या जवळपास येऊ देऊ नये.

इशारा: अ‍ॅसिटोन या टेबलावर ठेवू नये, भांडी धुण्यासाठीसुद्धा नाही. आम्ल आणि पेरॉक्साइड यांच्या सहवासात अ‍ॅसिटोनपासून अतिसंवेदनशील स्फोटक पदार्थ बनतो. या कामातील भांडी आधी भरपूर पाण्याने धुवावीत.

## ४. इपॉक्सीकरण

१. चंबूत १०० ग्रॅम तेल, १५.४ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल आणि २० ग्रॅम रेझिन घालून ढवळणे सुरू करावे. मणी तळाशी न बसता संपूर्ण मिश्रणात तरंगत राहतील इतका वेग हवा.

२. बाथ ४५ अंशांवर आणून मिश्रण त्या तापमानाला स्थिर होऊ द्यावे.

३. पेरॉक्साइडचे ८७ ग्रॅम द्रावण दीड ते दोन तासांत थेंबाथेंबाने सोडावे. मिश्रणाचे तापमान ५० अंशांच्या वर गेले की थेंब थांबवावेत, ते खाली आले की पुन्हा सुरू करावेत. मोजायचे तापमान चंबूच्या आतले, बाथचे नव्हे. दोन्हींत दहा अंशांचा फरक सहज पडतो.

४. शेवटचा थेंब पडल्यावर अर्धा तास तसेच ढवळू द्यावे. तापमान आपोआप चढत नाही असे दिसल्यावरच बाथ हळूहळू ६० अंशांवर न्यावे.

५. ६० अंशांवर पाच ते सात तास अभिक्रिया चालू ठेवावी.

तिसऱ्या पायरीत एक फसवा प्रकार घडतो. सुरुवातीला मिश्रण थंड असेल किंवा ढवळणे मंद असेल, तर थेंब पडत राहतात, तापमान हलत नाही, आणि सगळे छान चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात पेरॉक्साइड न वापरले जाता साचत असते. मग कोणी तरी बाथ वाढवतो आणि साचलेला सगळा साठा एकदम पेटतो. थेंब पडत असताना तापमान किंचित वर सरकणे हे चांगले लक्षण आहे. पंधरा मिनिटांत काहीच हालचाल दिसली नाही तर थेंब थांबवून ढवळणे आणि तापमान तपासावे, फनेलची तोटी अधिक उघडू नये. वीज जाऊन स्टरर थांबला तरी हेच लागू: आधी थेंब बंद, मग बाथ खाली काढणे, बर्फाने थंड करणे, आणि त्यानंतरच ढवळणे हळूहळू सुरू करणे.

अभिक्रिया कधी थांबवायची हे घड्याळावरून ठरवू नये. तिसऱ्या तासापासून दर तासाला २ ते ३ ग्रॅम नमुना काढून लगेच थंड करावा, पाण्याने व सौम्य बायकार्बोनेटने धुवून वाळवावा आणि ऑक्सिरेन ऑक्सिजन मोजावा. हा आकडा आधी वेगाने चढतो, मग सपाट होतो, आणि तसेच चालू ठेवल्यास उतरू लागतो. सपाट झाला की थांबायचे. सुरुवातीच्या काळात मी एक खेप ‘उरलेसुरले बंधही जाऊ देत’ म्हणून रात्रभर चालू ठेवली होती. सकाळी आयोडीन मूल्य दोनच्या खाली होते आणि मी खूश होतो. द्रव मात्र काकवीसारखा दाट झाला होता. आदल्या संध्याकाळी जे वलय होते, त्याचा मोठा भाग रात्रीत डायॉल, अ‍ॅसेटेट आणि एकमेकांना जोडलेल्या साखळ्या होऊन बसला होता.

तपासणी: तापमान कोणत्याही क्षणी ७० अंशांच्या वर गेले होते का, याची नोंद असावी. गेले असेल तर ती खेप अनुमापन होईपर्यंत संशयित समजावी.

## ५. धुलाई: येथे क्रम बदलू नये

मिश्रण ३५ अंशांपर्यंत थंड करून रेझिन गाळून घ्यावे. गाळलेल्या मण्यांत पेरअ‍ॅसेटिक आम्ल मुरलेले असते, म्हणून त्यांवर आधी भरपूर पाणी टाकावे. विद्रावकाने धुणे नंतर. ओले मणी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नयेत.

गाळलेला द्रव सेपरेटिंग फनेलमध्ये घेऊन खालचा पाण्याचा थर काढावा. मग पुढील क्रमाने जावे:

१. ४० अंशांच्या कोमट पाण्याने तीन वेळा धुवावे. यात बहुतेक पेरॉक्साइड आणि अ‍ॅसेटिक आम्ल निघून जाते.

२. ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने, निघालेल्या पाण्याचा सामू ७ ते ८ येईपर्यंत धुवावे. कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून पहिल्यांदा फनेल न हलवता फक्त फिरवावे आणि तोटी वारंवार उघडून दाब सोडावा.

३. पेरॉक्साइड चाचणीपट्टीने वरचा थर तपासावा. पट्टीवर रंग आला तर थंड, सौम्य सोडियम सल्फाइट द्रावणाने एकदा धुवावे आणि पुन्हा तपासावे. ही पायरी बायकार्बोनेटच्या आधी घेतली तर उरलेल्या आम्लामुळे सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो.

४. पट्टी कोरी राहिल्यावरच हवे असल्यास थोडे इथाइल अ‍ॅसिटेट घालून द्रव पातळ करावा. मग मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवावे, निर्जल सोडियम सल्फेटवर अर्धा तास ठेवावे, गाळावे आणि कमी दाबाखाली ६० अंशांच्या आत विद्रावक काढून टाकावा.

कॉस्टिक सोडा वापरून वेळ वाचवण्याचा मोह बहुतेकांना होतो. त्याने एस्टर बंध तुटतात, साबण तयार होतो आणि फनेलमध्ये दह्यासारखे इमल्शन बसते, जे दुसऱ्या दिवशीही फुटत नाही. इमल्शन झालेच तर हलवणे थांबवून त्यात संपृक्त मीठ-पाणी आणि थोडी ऊब द्यावी व वाट पाहावी.

इशारा: पेरॉक्साइड चाचणी केल्याशिवाय द्रव रोटरी बाष्पकावर लावू नये. विद्रावक उडत जातो तसे उरलेले पेरॉक्साइड दाट होत जाते. धुलाईचे पाणी घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नये आणि सेंद्रिय विद्रावकाच्या टाकाऊ डब्यात मिसळू नये. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. तेलाने भिजलेल्या चिंध्या, विशेषतः जवसाच्या, गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

## ६. दोन आकडे एकत्र वाचणे

तयार इपॉक्सी तेलाचे ०.४ ग्रॅम अचूक तोलून ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवावे, क्रिस्टल व्हायोलेटचे काही थेंब घालावेत आणि ०.१ नॉर्मल हायड्रोजन ब्रोमाइडच्या द्रावणाने निळसर हिरवा रंग टिकेपर्यंत अनुमापन करावे. हे द्रावण ठेवून ठेवून कमकुवत होते, म्हणून त्याची तीव्रता त्याच दिवशी काढावी. सूत्र असे:

ऑक्सिरेन ऑक्सिजन टक्के = मिलिलिटर × नॉर्मॅलिटी × १.६ ÷ नमुन्याचे ग्रॅम

१७ मिलिलिटर लागले तर १७ × ०.१ × १.६ ÷ ०.४, म्हणजे ६.८ टक्के. आपल्या ७.५७ च्या कमालीशी ताडल्यास हे ९० टक्के झाले. पहिल्या खेपेला ते उत्तम आहे.

आता समजा दोन खेपा आहेत. पहिलीत आयोडीन मूल्य ८ उरले आणि ऑक्सिरेन ६.८ आले. दुसरीत आयोडीन मूल्य ३ वर गेले पण ऑक्सिरेन ५.९ च आले. दुसरीत ९८ टक्के बंध संपले, वलये मात्र ७८ टक्केच हाती आहेत. म्हणजे शंभरातील वीस बंध वलय होऊन पुन्हा उघडले. बहुतेक जण दुसरी खेप निवडतात. निवडायची ती पहिली.

इन्फ्रारेड वर्णपट उपलब्ध असल्यास ३०१० तरंगसंख्येजवळचे दुहेरी बंधाचे शिखर गेले आहे, ८२५ ते ८४५ दरम्यान वलयाचे शिखर आले आहे आणि ३४५० च्या आसपासचा रुंद हायड्रॉक्सिलचा फुगवटा जवळपास नाही, असे दिसले पाहिजे. तो फुगवटा ठळक असेल तर वलये आधीच उघडलेली आहेत.

अ‍ॅक्रिलिक आम्लाशी संयोग करून किरणांनी घट्ट होणारे रेझिन करायचे असेल, किंवा अनहायड्राइडने इपॉक्सी पक्के करायचे असेल, तर येथेच थांबून या इपॉक्सी तेलाचा उपयोग करावा. पॉलियुरेथेन हवे असेल तर पुढे जावे.

## ७. वलय उघडून पॉलिऑल तयार करणे

ऑक्सिरेन ६.८ टक्के असलेल्या १०० ग्रॅम इपॉक्सी तेलात ६.८ भागिले १६, म्हणजे ०.४२५ मोल वलये आहेत. मिथेनॉल त्याच्या दहापट, म्हणजे ४.२५ मोल, १३६ ग्रॅम घ्यावे. एवढे कशाला, तर वलय उघडल्यावर तयार झालेला हायड्रॉक्सिल गटही शेजारच्या वलयावर हल्ला करू शकतो. मिथेनॉल कमी पडले की तेलाचे रेणू एकमेकांनाच जोडले जातात, चिकटपणा वाढतो आणि हायड्रॉक्सिल मूल्य घसरते.

१. चंबूत मिथेनॉल घेऊन ते थंड ठेवत त्यात १ ग्रॅम तीव्र सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे.

२. हे मिश्रण ५० अंशांवर आणावे आणि त्यात इपॉक्सी तेल ३० ते ४५ मिनिटांत सोडावे. तेल आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये जायला हवे. उलट क्रमाने, म्हणजे तेलात आम्ल घातले तर थेंब पडतो त्या जागी मिथेनॉल नसल्याने क्षणात गाठी धरतात.

३. तापमान ६० अंशांच्या आत ठेवून एक ते दोन तास ढवळावे. मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळते, ते पेट घेते आणि विषारी आहे, त्यामुळे कंडेन्सर आणि हूड दोन्ही चालू असावेत.

४. अर्ध्या अर्ध्या तासाने ऑक्सिरेन तपासावे. ते ०.२ टक्क्यांच्या खाली गेले की लगेच थंड करावे. येथेही जास्त वेळ म्हणजे चांगले असे नाही: आम्ल आणि मिथेनॉल मिळून ट्रायग्लिसराइडचे एस्टर बंध सोडवू लागतात, मिथाइल एस्टर वेगळे होतात आणि ते जाळीत पुरेसे गुंफले जात नाहीत.

५. ३० अंशांवर २.५ ग्रॅम घन सोडियम बायकार्बोनेट घालून अर्धा तास ढवळावे. ओल्या सामू-कागदावर उदासीन रंग दिसला पाहिजे. मग गाळावे.

६. त्यानंतरच मिथेनॉल कमी दाबाखाली ५० अंशांवर काढावे.

पाचव्या आणि सहाव्या पायरीची अदलाबदल ही या टप्प्यातील सर्वांत महागडी चूक आहे. आम्ल तसेच ठेवून मिथेनॉल उडवले, तर मिथेनॉलचे प्रमाण घसरत जाते, आम्लाचे वाढत जाते, आणि उरलेली वलये शेजारच्या हायड्रॉक्सिलशी जुळतात. बाष्पकाच्या चंबूत गरगर फिरणारा द्रव अर्ध्या तासात खरवसासारखा थरथरू लागतो. त्याचे पुढे काहीही करता येत नाही.

मिथेनॉल निघाल्यावर पॉलिऑल इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये घेऊन मीठ-पाण्याने दोनदा आणि साध्या पाण्याने एकदा धुवावे, वाळवावे आणि विद्रावक काढावा. शेवटी १० मिलिबारच्या खालच्या दाबावर ८० अंशांना दोन तास ठेवून पाणी काढावे. क्षार नीट धुतले गेले नाहीत तर अल्कधर्मी अवशेष आयसोसायनेटची (पॉलिऑलशी जुळून पॉलियुरेथेन बनवणाऱ्या घटकाची) अभिक्रिया भडकवतात आणि मिश्रण कपातच जमते.

## ८. पॉलिऑलची पारख

तीन आकडे लागतात. आम्ल मूल्य १ च्या आत असावे. पाणी कार्ल फिशर पद्धतीने मोजावे आणि ओतीव वस्तूसाठी ०.०५ टक्क्यांच्या आत आणावे. हायड्रॉक्सिल मूल्याची सैद्धांतिक कमाल अशी येते: १०० ग्रॅम इपॉक्सी तेलाला १३.६ ग्रॅम मिथेनॉल जोडले गेले, म्हणजे ११३.६ ग्रॅममध्ये ०.४२५ मोल हायड्रॉक्सिल, म्हणजे दर ग्रॅमला सुमारे २१० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडइतके. प्रत्यक्षात १८० ते २०० मिळाले तर समाधान मानावे. १५० च्या खाली आले तर साखळ्या जोडल्या गेल्या आहेत.

एक सापळा येथे आहे. अ‍ॅसेटिक अनहायड्राइडने हायड्रॉक्सिल मोजताना उरलेली वलयेही अनहायड्राइड खातात आणि आकडा फुगतो. २१० पेक्षा बराच जास्त आकडा आला तर आनंद न मानता आधी ऑक्सिरेन पुन्हा मोजावे.

## ९. छोटी ओतीव चाचणी

हायड्रॉक्सिल मूल्य १९५ असलेल्या १०० ग्रॅम पॉलिऑलमध्ये ०.३४८ तुल्यांक असतात. एनसीओ (आयसोसायनेट गट) ३१ टक्के असलेल्या पॉलिमेरिक एमडीआय या आयसोसायनेटचे तुल्यांकी वजन ४२०० भागिले ३१, म्हणजे १३५.५ येते. पाच टक्के अधिक धरून ४९.५ ग्रॅम एमडीआय लागते. चाचणीसाठी याचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० ग्रॅम पॉलिऑल आणि ९.९ ग्रॅम एमडीआय, पुरेसा आहे. आयसोसायनेट एकदा बाधले की दम्यासारखा त्रास पुढे अल्प मात्रेनेही होतो, म्हणून हूडशिवाय बाटली उघडू नये.

पॉलिऑलमधील ०.१ टक्का पाणी किरकोळ वाटते. पण १०० ग्रॅममधील तेवढे पाणी दीड ग्रॅम एमडीआय खाते आणि सुमारे १३५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे ओतीव तुकड्याच्या आकारमानाइतका वायू. बुडबुड्यांचा दोष ढवळण्याला देण्यापूर्वी पाण्याचा आकडा पाहावा.

येथील हायड्रॉक्सिल गट साखळीच्या मध्यावर आणि दुय्यम असल्याने ते सावकाश अभिक्रिया करतात. मिश्रणातील हवा कमी दाबाने काढून ते साच्यात ओतावे, ६० अंशांवर रात्रभर आणि मग १०० ते ११० अंशांवर काही तास ठेवावे. थंड झाल्यावर नख दाबून पाहावे. पृष्ठभाग कोरडा पण तुकडा फुगलेला असेल तर दोष पाण्याचा आहे आणि सातव्या टप्प्याच्या शेवटचे वाळवणे पुन्हा करावे. तुकडा एकसंध पण चिकट, तेलकट असेल तर आधी एमडीआयचे वजन तपासावे. ते बरोबर असेल तर मिथाइल एस्टर सुटले आहेत किंवा हायड्रॉक्सिल मूल्य खोटे जास्त धरले गेले आहे, आणि सातव्या टप्प्याच्या नोंदी काढाव्यात. मिश्रण साच्यात पडण्याआधीच जमले असेल तर क्षार राहिले आहेत. आणि सर्व आकडे बरोबर असूनही तुकडा अपेक्षेपेक्षा मऊ राहिला, तर वहीच्या पहिल्या पानावर जाऊन त्या खेपेचे ऑक्सिरेन ७.५७ च्या किती जवळ होते ते पाहावे.